जुनी गाडी दान करायची आहे? मग आधी कागद बघा!



मागच्या महिन्यात सातवीच्या वर्गात 'दान' या विषयावर गप्पा चालल्या होत्या. अन्नदान, रक्तदान, श्रमदान, ग्रंथदान अशी यादी फळ्यावर वाढत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण उठला. "सर, माझे काका अमेरिकेत असतात. त्यांची जुनी मस्टँग ते एका संस्थेला दान करणार आहेत. ह्याला कुठलं दान म्हणायचं?" वर्गात हशा पिकला. दुसरा लगेच म्हणाला, "नाद खुळा गाडी हाय ती! दान कशाला करायची?"

तास संपला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण आमच्या घरानं एक गाडी दान केली होती आणि त्याची किंमत पुढं बरीच वर्षं मोजली होती. ते सांगतोच. आधी अमेरिकेतली गोष्ट समजून घेऊ.

मसल कार म्हणजे काय?

मध्यम आकाराची, बहुतेक दोन दारांची गाडी आणि तिच्यात बसवलेलं आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन, ही मसल कारची सोपी ओळख. १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून या गाड्यांची लाट आली असं मानतात. फोर्ड मस्टँगही १९६४ च्या एप्रिलमधलीच. जाणकार तिला 'पोनी कार' म्हणतात, पण सर्वसामान्य माणूस तिलाही मसल कारच समजतो. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम कडक झाले आणि १९७३ च्या तेलसंकटानं पेट्रोल महागलं. या गाड्यांचा पहिला बहर तिथं ओसरला. आज त्या हौशी लोकांकडे जिवापाड जपलेल्या असतात.

आपल्या मुलांना जुन्या गाडीचं कौतुक नवीन नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सोनं लुटायच्या आधी पोरं ती गाडीच डोळ्यांत साठवून घेतात.

अमेरिकेत गाडी दान का करतात?

मालकाचं वय झालेलं असतं, मुलांना गाडीत रस नसतो, जागा अडलेली असते. संस्था गाडी घरून घेऊन जाते, लिलावात विकते आणि तो पैसा आपल्या कामाला लावते. शिवाय दात्याला आयकरात वजावट मिळते. पूर्वी दाते किंमतपुस्तकातला आकडा स्वतःच लावून वजावट घ्यायचे. गाडी विकली जायची कमी भावात आणि वजावट निघायची भरघोस. म्हणून २००५ पासून नियम बदलला. ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट हवी असेल, तर संस्थेला गाडी विकून प्रत्यक्षात जेवढे पैसे मिळाले तेवढीच धरता येते. विक्रीनंतर ३० दिवसांत संस्थेनं तसा दाखला द्यायचा असतो. संस्थेनं गाडी स्वतःच्या कामात भरपूर वापरली, तिच्यात मोठी सुधारणा केली किंवा गरजूला अगदी कमी भावात दिली, तर मात्र बाजारभाव धरता येतो.

इथं गणिताचा एक छान पाठ दडलाय. समजा काकांच्या गाडीचा बाजारभाव ३०,००० डॉलर आहे आणि संस्थेच्या लिलावात ती १८,००० ला गेली. वजावट १८,००० ची. पण वजावट म्हणजे करमाफी नव्हे! तेवढी रक्कम उत्पन्नातून वजा होते. काका २२ टक्क्यांच्या टप्प्यात असतील, तर वाचणारा कर ३,९६० डॉलर. तोही ते वजावटी तपशीलवार मांडत असतील तरच. म्हणजे करातून फायदा काढायला म्हणून गाडी द्यावी, तर हिशेब बसत नाही. संस्थेला मदत करायची म्हणून द्यावी, तर बसतो.

आपल्याकडे काय?

आपला कायदा इथं वेगळा आहे. ज्याला आपण सगळे '८०जी' म्हणून ओळखतो, ती देणगीची सवलत फक्त पैशांच्या देणगीला आहे. वस्तू, धान्य, कपडे, गाडी दिली तर समाधान मिळेल, पण वजावट मिळणार नाही. रोख देणगीही २,००० रुपयांपर्यंतच धरली जाते. त्यापुढे चेक किंवा ऑनलाइन. आणि नवीन करप्रणाली निवडली असेल, तर ही वजावट नाहीच.

म्हणून सरळ वाट अशी की गाडी स्वतः चांगल्या भावात विकायची आणि पैसे संस्थेला चेकने द्यायचे. समजा जुनी जीप २ लाखांना गेली आणि ती रक्कम ५० टक्के सवलत असलेल्या संस्थेला दिली. मर्यादेत बसत असेल तर वजावट १ लाखाची आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात कर वाचेल साधारण २०,००० रुपये.

२०२० मध्ये महिंद्रानं नव्या थारच्या पहिल्या गाडीचा लिलाव केला, तेव्हा हेच झालं. बोली गेली १ कोटी ११ लाखांवर. गाडी घेणाऱ्यानं नेली आणि पैसा समाजकार्याला गेला, तोही रायगड जिल्ह्यातल्या गावांत काम करणाऱ्या स्वदेस फाउंडेशनला. तेवढीच रक्कम कंपनी आपल्याकडून घालणार, असं आधीच जाहीर होतं. आणि गंमत बघा, ही थार म्हणजे अमेरिकन विलीज जीपच्याच कुळातली!

आमच्या आबांची जीप

आता घरची गोष्ट. आमच्या आबांची जुनी जीप मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी उभी असायची. खासबागेत कुस्ती असली की गल्लीतली निम्मी पोरं तिच्या टपावर. उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं तिचं इंजिन दोनदा उतरवलं होतं. आबांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी ती खेड्यातल्या एका संस्थेला देऊन टाकली. हार, नारळ, फोटो, सगळं झालं. "कागदाचं बघू की सावकाश," असं दोन्हीकडून ठरलं. ते सावकाश कधी आलंच नाही.

पाच वर्षांनी आबांच्या नावानं अपघाताच्या नुकसानभरपाईची नोटीस आली. जीपनं एका सायकलस्वाराला उडवलं होतं. त्याचा पाय मोडला होता. विमा संपलेला होता. संस्थेतली माणसं बदलली होती आणि कागदोपत्री मालक होते आबा. ७४ व्या वर्षी ते काठी टेकत तारखांना जायचे. शेवटी संस्थेनं पैसे भरले, पण त्यात अडीच वर्षं गेली. आबांना खटल्यापेक्षा दुसरंच लागलं होतं. ते म्हणायचे, "त्या पोराचा पाय माझ्या गाडीनं मोडला. मी दिली म्हणून काय झालं?"

भावना बाजूला ठेवली तरी कायद्यानंही ते मालकच होते. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याला दिलेली असली तरीही!

देण्याआधी काय करायचं?

१) नाव बदला. फॉर्म २९ आणि ३० दोघांनी सही करून भरायचे. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर देणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. मालक हयात नसेल तर वारसाला आधी फॉर्म ३१ भरून स्वतःच्या नावावर करावी लागते. कर्जाचा बोजा असेल तर तो आधी उतरवायचा.

२) विमा बदला. तोही १४ दिवसांत नव्या मालकाच्या नावावर करायला हवा.

३) गाडी शिकवण्यासाठी देताय? आयटीआय किंवा अभियांत्रिकीच्या मुलांना इंजिन उघडून दाखवायला जुनी गाडी फार उपयोगी. पण ती रस्त्यावर येणारच नसेल तर आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या.

४) भंगारात द्यायची असेल तर नोंदणीकृत केंद्रातच द्या. तिथून गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. गल्लीतल्या भंगारवाल्याकडून तो कागद मिळत नाही.

५) गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात आहे? मग थांबा. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन-रॅलीला चालते. रुग्ण आणायला-न्यायला गाडी हवी असलेल्या संस्थेला ती देऊन उपयोग नाही.

६) आणि सगळ्यात आधी संस्थेला विचारा, "तुम्हाला ही गाडी हवी आहे का?" पेट्रोल, चालक, दुरुस्ती हा खर्च त्यांनाच झेपायचा असतो.

वर्गात काय घेता येईल?

मुलांचे दोन गट करा. एक दात्याचा, दुसरा संस्थेचा. दात्यानं गाडी द्यायची, संस्थेनं वर्षाचा खर्च मांडायचा. मग 'गाडी द्यावी की विकून पैसे द्यावेत?' यावर दोन्ही गटांनी आकड्यांसह बोलायचं. टक्केवारी, अर्जलेखन आणि नागरिकशास्त्र एकाच तासात होतं. मोठ्या मुलांकडून फॉर्म २९ चा नमुना भरूनही घ्या.

माझ्या वर्गात हा तास झाल्यावर तोच पोरगा परत उठला. म्हणाला, "सर, काकांना फोन करून सांगतो. गाडी द्या, पण आधी नावावरून उतरवा."

आबा असते तर त्याच्या पाठीवर थाप पडली असती.