चेंडू पडतो तेव्हा कॅमेऱ्याला काय दिसतं?

शाळेच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जर्नल पूर्ण करायची वेळ आली की मागच्या वर्षीच्या मुलांची वही शोधली जाते. गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवं, हे आधीच माहीत असतं. मग त्या ९.८ पासून उलटं गणित करत निरीक्षणांचा तक्ता भरला जातो. आधी उत्तर आणि मग प्रयोग! मुलांना तरी दोष कसा द्यायचा? मीटरभर उंचीवरून सोडलेला चेंडू जमिनीवर यायला साधारण ०.४५ सेकंद लागतात. स्टॉपवॉचचं बटण दाबणाऱ्या बोटाला डोळ्यांचा निरोप पोहोचेपर्यंत त्यातले ०.२ सेकंद निघून जातात. अशा मापनातून खरं उत्तर येणार कुठून?

हीच अडचण गॅलिलिओलाही होती. त्यानं पडणं सावकाश केलं. लाकडी तुळईत खाच कोरून, ती थोडी तिरकी ठेवून, कांस्याची गोळी त्यातून सोडली. वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेनं पडणारं पाणी घेतलं आणि ते तोलून पाहिलं. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात हे सगळं आहे. पुढे १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजनं ओळीनं १२ कॅमेरे लावले आणि धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे दाखवलं. डोळ्यांना न पकडता येणारा क्षण कॅमेऱ्यानं पकडला.

आज ते काम साधा मोबाइल करतो. तो बहुधा सेकंदाला ३० चित्रं घेतो. म्हणजे दर तिसरं चित्र पाहिलं की ०.१ सेकंद झाला. भिंतीपाशी मीटरपट्टी उभी करायची, शेजारून रबरी चेंडू सोडायचा, आणि मग चित्रफीत एकेक फ्रेम पुढे सरकवत चेंडू कुठे आहे ते लिहून काढायचं. पहिल्या ०.१ सेकंदात चेंडू सुमारे ४.९ सेंटिमीटर उतरतो. पुढच्या ०.१ सेकंदात १४.७, मग २४.५, मग ३४.३. म्हणजे एकास तीनास पाचास सात. गॅलिलिओनं सांगितलेला विषम संख्यांचा नियम तो हाच!

आता एक खोच. चेंडू हातातून सुटला तो क्षण नेमका फ्रेमवर येईलच असं नाही, तो दोन फ्रेमच्या मध्येही असू शकतो. मग एक-तीन-पाच जुळत नाही आणि मुलं हिरमुसतात. पण अंतरांमधली वाढ पाहा. ती दर वेळी ९.८ सेंटिमीटरच्या आसपासच राहते, सुरुवात कुठूनही धरा. तक्त्यातल्या पहिल्या आकड्यापेक्षा ही वाढ जास्त भरवशाची.

चुका मात्र होतातच, आणि माझ्या मते खरा अभ्यास तिथेच आहे. समजा कॅमेरा चेंडूपासून २ मीटरवर आहे आणि पट्टी चेंडूच्या मागे २० सेंटिमीटरवर, भिंतीला टेकलेली. मागची पट्टी लहान दिसते, त्यामुळे प्रत्येक अंतर दहा टक्के जास्त मोजलं जातं आणि ९.८ ऐवजी १०.८ येतं. वहीत हे आलं असतं तर मुकाट्यानं खोडलं गेलं असतं. चित्रफितीत पट्टी कुठे होती ते दिसतं, कारण शोधता येतं. दुसरी चूक उजेडाची. अंधाऱ्या वर्गात एकेक चित्र घ्यायला जास्त वेळ लागतो आणि चेंडूऐवजी लांब पट्टा उमटतो. ०.४ सेकंदांनंतर चेंडूचा वेग सेकंदाला जवळपास ४ मीटर असतो. एक-तीसांश सेकंदात तो १३ सेंटिमीटर सरकतो. व्हरांड्यात, उन्हात प्रयोग करा, पट्टा आखडतो. कमी उजेडात काही फोन सेकंदाला घ्यायच्या चित्रांची संख्याही परस्पर बदलतात, तेही तपासून घ्यावं. आणि हो, फोन हातात धरू नये. पुस्तकांच्या चळतीला टेकवला तरी चालतो.

मोजमापासाठी ‘ट्रॅकर’ नावाची मोफत संगणक प्रणाली आहे. ती फ्रेमवर ठिपके मांडून आलेखही काढते. माझा आग्रह असा, की पहिल्या वेळी मुलांनी पट्टी पाहून हातानंच आकडे लिहावेत. चित्रफितीत चेहरे येण्याची तर काहीच गरज नाही. हात, चेंडू आणि पट्टी एवढंच पुरे. फसलेले प्रयत्नही पुसू नयेत, क्रमांक घालून ठेवावेत.

एवढं जमलं की चेंडूऐवजी पातळ कागदाची वाटी उंचावरून सोडून पाहा. सुरुवातीला अंतरं वाढतात, मग वाढ कमी कमी होत जाते आणि शेवटी प्रत्येक ०.१ सेकंदात वाटी सारखंच अंतर उतरू लागते. हवेचा विरोध वजनाइतका झालेला असतो. हा तक्ता मागच्या वर्षीच्या वहीत सापडत नाही, कारण प्रत्येकाची वाटी वेगळी असते.