विलंबित देणी आणि राखीव कर : जीएसटी भरपाई निधीचा बोध

शासकीय रुग्णालयास वा संस्थेस औषधे पुरविणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना पुढील अनुभव नवा नाही. मालाची पोच मिळते, देयक सादर होते आणि त्यानंतर ‘निधी उपलब्ध नाही’ हे उत्तर वारंवार ऐकावे लागते. आम्ही स्वतः एका शासकीय संस्थेस काढे व चूर्णे पुरविली, तेव्हा रक्कम हाती पडण्यास अकरा महिने लागले. त्या काळात हिरडा व गुळवेल आणून देणाऱ्या व्यापाऱ्याचे पैसे आम्हासही थकवावे लागले आणि कामगारांच्या वेतनासाठी कर्ज काढावे लागले. अशा वेळी मनात प्रश्न येतो की, शासनाची देणी वेळेवर फिटावीत म्हणून कराचा काही भाग आधीच बाजूला काढून ठेवता येणार नाही काय? आपल्या देशात हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. तेथे देणेकरी केंद्र शासन होते आणि घेणेकरी राज्ये होती.

दोन न्याय

धातुपोषणाच्या संदर्भात आपण केदारीकुल्यान्याय व खलेकपोतन्याय शिकलो आहोत. पहिल्यात पाटाचे पाणी एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात जाते. शासनाच्या सर्वसाधारण निधीचे वाटप असेच चालते. पाणी कमी पडले की शेवटच्या वाफ्यातील पुरवठादार कोरडा राहतो. दुसऱ्यात खळ्यावरील कपोत आपापला दाणा टिपून आपापल्या मार्गाने स्वस्थानी जातात. विशिष्ट देण्यासाठी राखून ठेवलेला कर या दुसऱ्या न्यायाने चालावा, अशी अपेक्षा असते.

निधीची रचना

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा राज्यांचे अनेक कर त्यात विलीन झाले. राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून केंद्राने कायद्याने हमी दिली. २०१५-१६ हे वर्ष पायाभूत धरून उत्पन्नात दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरावी आणि प्रत्यक्षात जी तूट येईल ती पाच वर्षे, म्हणजे ३० जून २०२२ पर्यंत, भरून द्यावी, असे ठरले. त्यासाठी मोटारी, तंबाखूजन्य पदार्थ, पानमसाला, कोळसा, शीतपेये इत्यादींवर भरपाई उपकर बसविण्यात आला. हा उपकर स्वतंत्र, व्यपगत न होणाऱ्या निधीत जमा करून दर दोन महिन्यांनी राज्यांस द्यावयाचा होता.

कसोटीचा काळ

२०२० साली कोविडची साथ आली. राज्यांचे उत्पन्न घटल्याने भरपाईची रक्कम वाढली. त्याच वेळी मोटारींची विक्री थंडावल्याने उपकरही आटला. देणे वाढते आणि झरा आटतो, असे दोन्ही एकाच कारणाने एकाच काळी घडले. राज्यांची देणी रखडली. अखेर केंद्राने राज्यांच्या वतीने कर्ज उभारले : २०२०-२१ मध्ये १.१० लाख कोटी व २०२१-२२ मध्ये १.५९ लाख कोटी रुपये. या कर्जाच्या फेडीसाठी उपकराची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे भरपाईचा काळ संपल्यावरही ग्राहक जुन्या देण्यासाठी उपकर भरीत राहिला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून तंबाखूजन्य पदार्थ व पानमसाला वगळता इतर वस्तूंवरील हा उपकर उठविण्यात आला.

३१ मे २०२२ रोजी केंद्राने त्या तारखेपर्यंतच्या भरपाईपोटी ८६,९१२ कोटी रुपये राज्यांस दिले. त्यांत महाराष्ट्राचा वाटा १४,१४५ कोटींचा होता. त्या वेळी निधीत सुमारे २५,००० कोटीच शिल्लक होते. उरलेली रक्कम केंद्राने स्वतःच्या साधनांतून दिली.

आणखी एक बाब नोंदण्यासारखी आहे. २०१७-१८ व २०१८-१९ या दोन वर्षांत वसूल झालेल्या उपकरापैकी ४७,२७२ कोटी रुपये निधीत वर्ग झाले नाहीत, असे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०२० मध्ये नोंदविले. हिशेबाचा ताळमेळ पूर्ण होईपर्यंतची ती स्थिती होती, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने केला. तरीही बोध स्पष्ट आहे : थैली वेगळी आहे एवढे कागदावर असून भागत नाही, पैसा त्या थैलीत वेळेवर पडला पाहिजे.

आपणांस घ्यावयाचा बोध

यातून तीन निष्कर्ष निघतात. राखीव कराचा स्रोत असा असावा की जो देणे वाढण्याच्या काळीच आटणार नाही. चांगल्या वर्षांतील शिल्लक वाईट वर्षासाठी अबाधित राहावी. कर्ज काढून देणे भागविल्यास भार नाहीसा होत नाही, केवळ पुढे सरकतो.

हीच दृष्टी आपल्या औषधालयासही लागू आहे. मालाचे बीजक निघाले की त्यावरील जीएसटीचे दायित्व निर्माण होते. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यास तो पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो, मग शासकीय संस्थेने रक्कम दिलेली असो वा नसो. म्हणून नगदी विक्रीतून आलेला कर रोजच्या गल्ल्यात न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेटंट-प्रोप्रायटरी आयुर्वेदीय औषधांवरील दर १२ वरून ५ टक्क्यांवर आल्याने हा भार हलका झाला आहे, परंतु संपलेला नाही.

औषधनिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांनी उद्यम नोंदणी अवश्य करावी. २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदाराने कमाल ४५ दिवसांत रक्कम देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देय होते. शासकीय खरेदीदारही यास अपवाद नाहीत. दाद सुलभीकरण परिषदेकडे मागता येते. मात्र केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांस या तरतुदीचा लाभ मिळत नाही. त्यांनी शासकीय मागणी स्वीकारण्यापूर्वी आपण किती महिने थांबू शकतो याचा हिशेब करूनच होकार द्यावा.

आम्ही तो हिशेब केला नव्हता. अकरा महिन्यांनी तो शिकविला. व्यवसायबंधूंनी तो आधीच करावा, एवढीच विनंती. अस्तु.