मोरीजवळची कर्दळ खाता येते का? कंद काढण्याआधी हे वाचा

मोरीचं पाणी जिथं जातं तिथं कर्दळ, हे आपल्याकडं ठरलेलंच. लाल-पिवळी फुलं येतात, चिखल कमी होतो, डबकं साचत नाही. तिचं काम एवढंच, असं आपण धरून चालतो. पण पेरू, कोलंबियाकडं हीच कर्दळ हजारो वर्षांपासून कंदासाठी लावतात. तिथं तिला ‘अचिरा’ म्हणतात. कोलंबियात तिच्या पिठाची बिस्किटं होतात, तर व्हिएतनाममध्ये शेवया. शास्त्रीय नाव ‘कॅना इंडिका’ असलं तरी ती मूळची आपली नाही, अमेरिकेतली आहे.

म्हणजे कर्दळीचा कंद खाता येतो. मात्र मोरीजवळचा नाही!

कर्दळ घाण पाण्यातले जड धातूसुद्धा मुळांवाटे ओढून घेते. म्हणून तर सांडपाणी शुद्ध करायच्या प्रकल्पांत ती मुद्दाम लावतात. मोरीच्या पाण्यात साबण, सोडा, कधी फवारणीचा पंप धुतलेलं पाणीही असतं. त्यातलं काही कंदात उतरलं तर ते शिजवून जात नाही. त्यामुळं मोरीवरची कर्दळ पाणी शोषायला राहू द्या. खायची असेल तर परसात वेगळा वाफा करा.

बेणं स्वच्छ जागेवरचं घ्या. नर्सरीतली मोठ्या, झुपकेदार फुलांची बुटकी जात दिसायला छान, पण तिचा कंद बारीक आणि रेषाळ निघतो. उंच वाढणारी, बारीक लाल फुलांची जुनी गावठी कर्दळ त्यापेक्षा बरी. पानांवर पिवळे पट्टे किंवा चट्टे असलेल्या झाडाचं बेणं नको. तो विषाणू असू शकतो आणि कंदातूनच पुढं जातो. त्यावर औषध नाही, असं झाड उपटून टाकायचं.

मे अखेर किंवा जूनमध्ये दोन डोळ्यांचा तुकडा चार बोटं खोल लावा. दोन झाडांत दोन फूट अंतर ठेवा, खड्ड्यात शेणखत टाका. ऊन भरपूर हवं. पाणी थोडं जास्त झालं तरी ती सोसते, कमी पडलं तर पानांच्या कडा करपतात पण कंद जगतो. अळी पान गुंडाळून आत बसते. ती हातानं काढा, खायच्या वाफ्यावर विषारी फवारणी कशाला?

बियांपासूनही रोप होतं, पण बी छऱ्यासारखं टणक असतं. कानशीनं थोडं घासून रात्रभर पाण्यात ठेवावं लागतं. अर्जेंटिनात एका जुन्या थडग्यातल्या खुळखुळ्यात सापडलेलं कर्दळीचं बी सुमारे ६०० वर्षांनी उगवलं होतं, इतकं ते कवच पक्कं!

कंद साधारण ८ ते १० महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचा. कोवळा असेल तर सोलून, कुकरमध्ये बटाट्यापेक्षा जास्त वेळ शिजवून मीठ-तिखटाशी खाता येतो. चव सौम्य, थोडी गोडसर. जून कंदाला रेषा फार, त्याचं सत्त्व काढलेलं चांगलं. कुरडईचा चीक काढता येणाऱ्या घरात हे वेगळं शिकवायला नको. कंद किसा, पाण्यात कालवा, फडक्यानं गाळा, थंड जागी ठेवा, वरची निवळ ओता. खाली बसलेलं पांढरं सत्त्व दोन-तीनदा धुऊन उन्हात वाळवा. याचे कण मोठे असल्यानं ते लवकर तळाला बसतं. लापशी, खीर घट्ट करायला आरारूटसारखं वापरा. उपवासाला चालतं का, ते मात्र घरच्या आजीला विचारा. हा निव्वळ पिष्ट पदार्थ आहे, तेव्हा साखरेचा त्रास असलेल्यांनी बेतानं खावा. पहिल्यांदा खाताना सगळ्यांनीच थोडाच खावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पावसाळ्यात कुंपणाला कळलावी येते. तिचीही फुलं लाल-पिवळी, तिलाही जमिनीत कंद. तो जीवघेणा विषारी आहे. कळलावी वेलीसारखी चढते आणि तिच्या पानाचं टोक दोऱ्यासारखं वळून आधाराला धरतं. कर्दळ सरळ उभी राहते, पान केळीसारखं रुंद असतं. कंद हातात आल्यावर ओळखत बसू नका. स्वतः लावलेल्या, फुललेल्या झाडाचाच कंद काढा. पोरांना कुंपणाजवळचे कंद उकरू देऊ नका.

पैशाचं म्हणाल, तर आपल्याकडं कर्दळीच्या कंदाला शेवग्या-हळदीसारखा बाजार नाही. “बेणं आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू” असं कुणी म्हणालं, तर आधी लेखी करार आणि खरेदीदार कोण ते बघा. परसातल्या चार-सहा झाडांपुरतं ठीक आहे. स्वच्छ वाफ्यातली पानं आणि खोड कापून गुरांना घालता येतं, तेवढा चारा वाचतो. कंद काढताना डोळ्याचे दोन तुकडे त्याच वाफ्यात परत दाबून ठेवा, पुढच्या वर्षी बेणं शोधायला नको.