अण्णांची सायकल, माझं माप: इलेक्ट्रिक माउंटन बाईकची फ्रेम निवडताना

मागच्या एपिसोडनंतर ज्या व्हॉइस नोट आल्या, त्यातल्या निम्म्या एकाच प्रश्नाच्या होत्या. "दादा, इलेक्ट्रिक एमटीबी घ्यायचीय. २७.५ची घेऊ का २९ची?" आज त्यावर बोलू. पण आधीच सांगतो, प्रश्न चुकीच्या आकड्याचा आहे. मी स्वतः हाच आकडा विचारून सायकल घेतली आणि त्याचे पैसे माझे गेले, मनगट मात्र अण्णांचं मोडलं. ऐकताना मापं निसटतात, म्हणून हा एपिसोड इथे लिहून काढलाय. बोलण्यातलं "म्हणजे" आणि "काय आहे की" तेवढं कमी केलंय.

आमचं गाव लोहारा, धाराशिव जिल्हा. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं वय ६२. घरापासून रान चार किलोमीटर. निम्मा डांबरी रस्ता, पुढे पाणंद. गुडघे कुरकुरायला लागल्यावर साधी सायकल सुटली आणि मोटरसायकल चालवायची त्यांना मुळीच आवड नाही. मी पुण्यात नोकरीला. दिवाळीला काहीतरी भारी न्यावं म्हणून इलेक्ट्रिक माउंटन बाईक घेतली. दुकानात स्वतः बसलो, पार्किंगमध्ये चार चकरा मारल्या. माझ्यासाठीच बनवल्यासारखी वाटली. वाटणारच, ती माझ्याच मापाची होती ना!

पंधरा दिवसांनी फोनवर विचारलं तर अण्णा म्हणाले, "गाडी चांगलीय रे. मलाच जमंना गेलंय." मी म्हटलं, "सवय होईल, अण्णा." नंतर आईकडून कळलं. ओढ्याच्या उतारावर समोरून ट्रॅक्टर आला, यांनी ब्रेक दाबला, पाय टेकवायला गेले ते नेमके बैलगाडीच्या चाकोरीत. पाय जमिनीला पोचलाच नाही. चोवीस किलोची सायकल अंगावर आली आणि मनगट गेलं. महिनाभर प्लास्टर होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं, "त्यानं हौसेनं आणलीय" म्हणून.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा शेजारच्या टेलरकाकांकडून टेप मागून आणला आणि जे दिवाळीआधी करायला पाहिजे होतं ते तेव्हा केलं.

आधी आकड्यांचा घोळ सोडवू. २६, २७.५, २९ हे चाकाचे आकडे आहेत. तुमच्या उंचीशी त्यांचा संबंध आहे, पण लांबचा. गंमत म्हणजे आपल्या आजोबांची पिढी या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार होती. काळ्या सायकली घेताना ते "बावीस इंची" किंवा "चोवीस इंची" म्हणायचे, ते माप फ्रेमचं. चाक दोन्हींना २८चंच असायचं. बुटक्या माणसाला बावीस, उंच माणसाला चोवीस, दुकानदारालाही ठाऊक. पुढे गिअरच्या सायकली आल्या आणि आपण चाकाच्या आकड्यानं सायकली मागायला लागलो. फ्रेमचं माप बोलण्यातून गेलं, तसं डोक्यातूनही गेलं. तसं आपल्याकडे चुकीच्या मापाच्या सायकलीची सवय लहानपणापासूनच आहे म्हणा. वडलांच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारतच गावं शिकली. पण दहाव्या वर्षी पडलं की माणूस माती झटकून उठतो. बासष्टाव्या वर्षी पडण्याचं तसं नसतं.

आता माप. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभं राहा. पायांत वीतभर अंतर. पुठ्ठा बांधणीचं जाड पुस्तक (माझं इंजिनिअरिंग मॅथ्स इथे पहिल्यांदा कामाला आलं) दोन पायांमध्ये धरून, सीटवर बसल्यासारखं घट्ट वर ओढा. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे इनसीम. तीनदा मोजा, कारण पहिल्यांदा सगळेच लाजून कमी ओढतात. पँटवर लिहिलेली लांबी इथे चालत नाही, ती कमीच भरते.

माझं इनसीम ८१ सेंटिमीटर निघालं, अण्णांचं ७२. उंचीत फरक सहा इंचांचा. एक जुना ढोबळ हिशेब आहे: सेंटिमीटरमधल्या इनसीमला ०.२२५ नं गुणलं की माउंटन बाईकची फ्रेम इंचांत मिळते. माझं उत्तर १८.२, अण्णांचं १६.२. आणलेली सायकल होती १८ इंची. कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम होतं, बघा.

पण हा हिशेब फक्त सुरुवातीला वापरा, शेवटचा शब्द म्हणून नको. फ्रेमचे हे इंच सीटच्या नळीची लांबी सांगतात. जुन्या सायकलची दांडी आडवी, जमिनीला समांतर असायची, त्यामुळे ती एक नळी मोजली की बाकी सगळ्याचा अंदाज यायचा. आता दांडी सीटकडे उतरती असते. दोन कंपन्यांच्या "१७ इंची" सायकली एकमेकींशी जुळत नाहीत, एकीचा एम दुसरीचा एल निघतो. स्पेशलाइज्डसारख्या कंपनीनं तर आपल्या माउंटन बाईकवर एस, एम, एल सोडून एस१, एस२ असे आकडे लावले, ते पायाच्या लांबीऐवजी हँडलपर्यंतच्या अंतरावर. त्यामुळे स्टिकर वाचून थांबू नका, दोन गोष्टी टेपनं बघा.

पहिली, दांडीची जमिनीपासून उंची. याला स्टँडओव्हर म्हणतात. सीटच्या पुढे, दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिलं की जांघ आणि दांडी यांच्यात जागा उरली पाहिजे. खडबडीत वाटेसाठी किमान पाच सेंटिमीटर धरतात. आणलेल्या सायकलची दांडी ७७ सेंटिमीटरवर होती. मला चार सेंटिमीटर उरायचे, म्हणजे मलासुद्धा काठावरच. अण्णांना उणे पाच. ते सपाट फरशीवरही त्या दांडीवर नीट उभे राहू शकत नव्हते. आणि आपली पाणंद फरशीसारखी कुठली? पावसात काळ्या मातीत बैलगाडीची, ट्रॅक्टरची चाकं रुततात, ऊन पडलं की त्याच चाकोऱ्या दगडासारख्या वाळतात. सायकलचं चाक मधल्या उंचवट्यावर आणि पाय चाकोरीत, अशी वेळ रोज येते. चाकोरी चार बोटं खोल असली तरी तुमचं इनसीम तेवढं कमी झालं असं समजा. म्हणून आपल्या भागात मी पाच नाही, आठ-दहा सेंटिमीटर जागा बघायला सांगेन. हे माझं मत, कुठल्या चार्टमध्ये नाही.

इथं कुणीतरी म्हणणार, "सीट खाली केली की झालं!" मीही तेच म्हणालो होतो. सीट पूर्ण खाली केली तरी दांडी जिथे आहे तिथेच राहते. शिवाय सीटची उंची पायडल मारण्यासाठी असते, पाय टेकवण्यासाठी नसते. तिचाही हिशेब आहे: इनसीम गुणिले ०.८८३. पायडल जिथे फिरतं त्या मधल्या आसापासून, सीटच्या नळीच्या रेषेत, सीटच्या माथ्यापर्यंतचं हे अंतर. अण्णांसाठी साडेत्रेसष्ट सेंटिमीटर. टेप नसेल तर सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग पुढचा तळवा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक आपोआप येतो. सीट फार खाली ठेवली की गुडघा प्रत्येक फेरीत जास्त दुमडतो आणि पुढून, वाटीपाशी दुखतो. फार वर ठेवली की मागून दुखतो. म्हणजे पाय टेकावा म्हणून सीट खाली ओढली, तर ज्या गुडघ्यांसाठी इलेक्ट्रिक घेतली त्यांचीच वाट लागली.

दुसरी गोष्ट हात आणि धडाची. हँडल किती लांब आहे ते. जॉमेट्री चार्टमध्ये याला "रीच" लिहितात, म्हणजे पायडलच्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर. तोच माथा किती उंचीवर आहे ते "स्टॅक". हँडल लांब पडलं की कोपरं ताठ होतात, भार तळहातांवर येतो, मान वर उचलून बघावं लागतं. दोन माणसांची उंची एकच असून एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचं धड लांब असू शकतं, म्हणून नुसत्या उंचीच्या तक्त्यावर विसंबू नका. सीटवर बसल्यावर कोपरात हलका बाक राहतोय का, आणि हँडल पूर्ण वळवल्यावर लांबचा हात सहज पोचतोय का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. रीच थोडी जास्त असेल तर हँडल धरणारा तुकडा, म्हणजे स्टेम, ८० मिलिमीटरऐवजी ५०चा टाकता येतो, तीन सेंटिमीटर मिळतात. जास्त वर उचललेलं हँडलही मिळतं. मात्र सीट पुढे सरकवून रीच कमी करू नका. गुडघा पायडलच्या पुढे जातो आणि दुखणं फक्त जागा बदलतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर सीट, स्टेम, हँडल ही सेटिंग्ज आहेत, नंतर बदलता येतात. फ्रेम हार्डकोडेड.

आता हे सगळं साध्या सायकललाही लागू आहे, मग इलेक्ट्रिकचं वेगळं काय? एक म्हणजे वजन. साधी माउंटन बाईक चौदा-सोळा किलोची, इलेक्ट्रिक वीस ते पंचवीसची. साधी सायकल कलली तर मांडीनं धरता येते. ही एका मर्यादेपलीकडे कलली की धरवत नाही, सोडून बाजूला व्हावं लागतं, आणि बाजूला होण्यासाठी पाय आधी जमिनीवर पाहिजे. दुसरं, मोटर. स्वस्त मॉडेलमध्ये बहुधा पायडल फिरतंय का एवढंच बघणारा सेन्सर असतो, तुम्ही जोर किती लावताय ते त्याला कळत नाही. पायडल थोडं फिरलं की मोटर ओढते, थांबवलं तरी क्षणभर ओढतच राहते. ब्रेक दाबला की मोटर बंद होते, पण चवड्यांवर डुगडुगत उभ्या असलेल्या माणसाचा पाय चुकून पायडलवर पडला तर तो एक झटका पुरतो.

तिसरं मला उशिरा कळलं. साध्या सायकलवर माप चुकलं तर दोन किलोमीटरमध्ये शरीर तक्रार करतं. इथे पायांचं काम मोटर करते, त्यामुळे माणूस चुकीच्या बैठकीत तासभर आरामात जातो. दुसऱ्या दिवशी कंबर आणि मान धरते, तेव्हा सायकलवर संशयच येत नाही. अण्णांनी मानेला झंडू बाम लावला, सायकलचं नाव घेतलं नाही.

आता व्यवहाराचं. आपल्याकडे २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी इलेक्ट्रिक सायकल लायसन्स-नोंदणीशिवाय चालते, म्हणून हीरो लेक्ट्रो, पुण्याची ईमोटोरॅड अशा कंपन्यांच्या सायकली तालुक्याच्या गावापर्यंत दिसायला लागल्यात. पण या किमतीत बरीच मॉडेल एकाच फ्रेम मापात येतात, आणि वेबसाइटवर "५ फूट १ ते ६ फूट" असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की या उंचीचा माणूस तिच्यावर बसू शकतो. लोहाऱ्यात बसून ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेत्याला मेसेज करा: दांडीच्या मध्यापासून जमिनीपर्यंत टेप लावून फोटो पाठवा. पाठवला नाही तर दुसरा विक्रेता बघा. सोलापूर-लातूरला जाऊन बघणार असाल तर ज्यांना चालवायची त्यांनाच घेऊन जा, आणि ते रोज घालतात त्या चपला घालून. चपलेचा तळ दीड-दोन सेंटिमीटरचा असतो, तो हिशेबात धरायचा.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर पाणंदीसाठी लहान घ्या. बहीण-भाऊ मिळून एकच घेणार असाल तर बुटक्याच्या मापानं घ्या. उंच माणसाला सीटपोस्ट वर काढता येतो (त्यावरची मिनिममची रेघ दिसेपर्यंत कधीच नाही), स्टेम लांब टाकता येतो. मोठी फ्रेम मात्र कापता येत नाही. आणि अडीअडचणीला २९ऐवजी २७.५चं चाक घ्या, हँडल आणि दांडी खाली बसवायला डिझायनरला तेवढी जागा मिळते. हे झालं तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. साडी किंवा धोतर असेल, किंवा कमरेतून पाय वर उचलत नसेल, तर दांडी खाली उतरलेली स्टेप-थ्रू फ्रेम घ्या. "लेडीज सायकल" म्हणून तिला नाकं मुरडतात, अण्णांनीही मुरडली होती.

आमच्या घरचं असं झालं: १८ इंची आता माझ्याकडे पुण्यात आहे. दुकानानं परत घेतली नाही, वापरलेली म्हणून, आणि त्यात त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. अण्णांना स्टेप-थ्रू आणली. यावेळी ते स्वतः सोलापूरला आले, दुकानाबाहेर गटाराच्या कडेला एक पाय खड्ड्यात ठेवून तिच्यावर उभे राहिले. दुकानदार बघत राहिला. आता रोज रानात जातात. परवा आईनं फोटो पाठवला, कॅरिअरला कडब्याच्या दोन पेंढ्या बांधलेल्या. कॅरिअर किती वजन पेलतं ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये बॅटरी. लोडशेडिंगमध्ये चार्जिंग कसं करायचं यावर प्रश्न असतील तर व्हॉइस नोट टाका, तीस सेकंदांच्या आत. भेटू.