अंगणातली झाडं (भाग ९) : पामचा कोंब

मागच्या आठवड्यात करपलेल्या लिंबू-संत्र्यांविषयी पाहिलं. तिथे छाटणीला वाव असतो, एक फांदी गेली तर खालून दुसरी फुटते. ताड, माड, शिंदी यांच्या कुळाला ही सोय नाही. एका खोडाला एकच शेंडा, आणि त्या शेंड्यात झावळ्यांच्या देठांआड दडलेला एकच कोंब. तो मेला की ते खोड संपलं.

टेक्सासातल्या वाचकांना फेब्रुवारी २०२१ची आठवण करून द्यायला नको. ऑस्टिनमध्ये पारा सलग जवळजवळ सहा दिवस शून्याच्या वर आला नाही, ह्यूस्टनमध्ये तो उणे १० अंशांच्या खाली गेला. बर्फ वितळल्यावर अंगणातले पाम वाळक्या गवताच्या रंगाचे झाले होते. पण सगळ्यांची गत सारखी नव्हती. तिथलाच मूळ रहिवासी असलेला सबाल बहुतेक ठिकाणी तगला. क्वीन पाम आणि उंचच उंच मेक्सिकन फॅन पाम मोठ्या संख्येने गेले. नर्सरीत ‘सिल्व्हेस्टर’ म्हणून बऱ्याच महागात मिळणारा पाम म्हणजे आपली शिंदीच. काटकपणात तिचा नंबर मधला, म्हणजे झाड जगेल की जाईल हे लगेच सांगता येत नाही. आणि अशा वेळी करवत घेऊन दार वाजवणारे भेटतातच. त्यांना परत पाठवावं.

करपलेल्या झावळ्या दिसायला वाईट, पण त्या कोंबाभोवतीचं पांघरूण असतात, आणि मार्च उजाडेपर्यंत थंडीची आणखी एक लाट येऊ शकते. शिवाय नीट पाहिलं तर टोकाकडून वाळलेल्या झावळीचा देठ बरेचदा हिरवा असतो. तेवढा हिरवा भागही झाडासाठी अन्न तयार करतो. पूर्ण वाळलेली झावळी काढायला हरकत नाही, तीही थंडीचा धोका टळल्यावर. हिरवा अंश असलेली राहू द्यावी.

आता तपासणी. शेंड्याच्या मधोमध भाल्यासारखं उभं, अजून न उलगडलेलं पान असतं. ते चिमटीत धरून हलकेच वर ओढायचं. घट्ट असेल तर आशा चांगली. सहज निघून हातात आलं, बुड तपकिरी, बुळबुळीत आणि कुजका वास, तर आत सड सुरू झाली आहे. इथेच बरेच जण झाड मेलं असं ठरवतात, आणि तो निर्णय घाईचा असतो. सड बहुतेकदा वरून खाली उतरते, कोंब तिच्याही खाली असतो. कुजलेला भाग हाताला येईल तेवढा काढून पोकळी साफ आणि कोरडी करावी, मग ताम्रयुक्त बुरशीनाशक लेबलवर दिलेल्या प्रमाणात थेट शेंड्यात ओतावं. आठ-दहा दिवसांनी आणखी एकदा, आणि मग थांबावं, कारण तांबं जास्त झालं तर झाडालाच बाधतं. कोकणात माडाचा शेंडा कुजू लागला की बोर्डो मिश्रण वापरतात, तेही तांब्याचंच. थंडीने फुटलेल्या पेशींत बुरशीबरोबर जिवाणूही शिरतात आणि तांबं दोघांनाही आवरतं. नुसत्या बुरशीवरचं औषध इथे अर्धंच काम करतं.

खताची घाई नको. गार मातीत मुळं ते उचलत नाहीत. हवा तापली, नवं पान हलू लागलं की पामसाठीचं सावकाश विरघळणारं, पोटॅश आणि मॅग्नेशियम भरपूर असलेलं खत द्यावं. लॉनचं नत्राने भरलेलं खत बुंध्याशी टाकू नये. पाणी बेताचं, आणि फवाऱ्याची धार शेंड्यात पडणार नाही असं.

पहिलं पान बहुधा वेडंवाकडं येतं, कधी टोक भाजल्यासारखं, कधी अर्धंच. थंडी पडली तेव्हा ते कोंबात घडत होतं, त्यामुळे तो जुनाच मार आहे. नंतरची पानं सुधारत जातात. जुलै-ऑगस्ट उलटूनही काहीच हललं नाही, तर मात्र झाडाची आशा सोडावी.

खोडाचं दुखणं याहून चिवट. पामचं खोड आंब्यासारखं वर्षागणिक नवं लाकूड चढवत नाही, म्हणून त्याची जखम भरत नाही. रसासाठी शिंदीच्या खोडाला घातलेल्या खाचा वर्षानुवर्षं तशाच दिसतात, त्या याचमुळे. थंडीने आतल्या रसवाहिन्या मेल्या असतील तर वरून हिरवंगार दिसणारं झाडही वर्ष-दोन वर्षांनी ऐन उन्हाळ्यात माना टाकतं. खोडाला उभी चीर असेल, बुक्का मारल्यावर पोकळ आवाज येत असेल किंवा खोड दाबलं की मऊ लागत असेल, तर माहीतगार माणूस बोलवावा. घरावर किंवा गाडीवर झुकलेलं असं झाड ठेवणं धोक्याचं.

त्या जागी नवं लावायचं तर सबाल लावा. वाढतो फार सावकाश, हे आधीच सांगून ठेवतो. पुढच्या आठवड्यात कुंडीतली कढीपत्त्याची झाडं.