गाडीच्या दारातली वीज

आपल्या भागात आता मालाच्या गाड्या पुष्कळ झाल्या आहेत. कोणी दूध नेतो, कोणी कांदा नेतो, कोणी भाजीपाला नेतो. यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या काचा हँडल फिरवून वर-खाली कराव्या लागतात. मग मालक म्हणतो, "बटणाच्या काचा बसवून घेऊ. दारांना बटणाचे लॉकही बसवू." त्यांचा तयार संच बाजारात मिळतो.

काम नीट झाले तर सोय होते. वाईट झाले तर गाडी जळते. गाडी म्हणजे नुसते लोखंड नव्हे. तिच्यावर कर्ज असते आणि तिच्यावरच घर चालते. वायरी जोडणे हे जाणत्या इलेक्ट्रिशियनचे काम आहे. ते त्यानेच करावे. पण काम नीट झाले की नाही, हे आपल्याला पाहता आले पाहिजे. तेवढे आम्ही येथे सांगतो.

वीज कशी धावते?

विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यात जाते. तशी वीज वायरीतून मोटारीकडे जाते. फरक एवढाच की पाणी वाफ्यात जिरते, पण वीज जिरत नाही. तिला फिरून बॅटरीकडे परत यावे लागते. वाट पुरी झाली तरच काच हलते.

बॅटरीला दोन टोके असतात. एक प्लस, दुसरे मायनस. मायनस टोक गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडलेले असते. म्हणजे गाडीचे सारे लोखंड हीच विजेची परतीची वाट.

आता धोका कोठे आहे तो पाहा. प्लसची वायर पत्र्याला घासली आणि सोलली. ती बॉडीला टेकली. विजेला जवळची वाट सापडली. मग ती मोटारीकडे कशाला जाईल? बॅटरीतली सारी वीज त्या एका वायरीतून धावते. वायर लाल होते, वरचे प्लॅस्टिक पेटते आणि आग सीटपर्यंत जाते.

पुष्कळ लोक म्हणतात, "ही तर बाराची बॅटरी. हात लावला तरी झटका बसत नाही." हे खरे आहे. झटका बसत नाही म्हणूनच माणूस फसतो. हीच बॅटरी इंजिन चालू करताना काही क्षण शेकडो अँपिअर वीज देते. अँपिअर म्हणजे विजेच्या धारेचे माप. काचेची मोटार चालताना साधारण ५ अँपिअर घेते. म्हणजे एका हेडलाइटच्या बल्बाइतकी. काच अडकली म्हणजे ती तिप्पट-चौपट घेते. तेव्हा वायर मोटारीला पुरेल एवढी जाड हवी. बारीक वायर तापते.

फ्यूजवरचा आकडा वाचा

आग रोखणारा राखणदार म्हणजे फ्यूज. फ्यूजमध्ये एक नाजूक पट्टी असते. वीज मापाबाहेर धावली की ती पट्टी वितळते आणि वाट तुटते. फ्यूज जळतो, वायर वाचते. दहा रुपयांच्या वस्तूने लाखाची गाडी वाचते.

फ्यूजवर आकडा छापलेला असतो. रंगही ठरलेला असतो. चपट्या फ्यूजमध्ये १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा. संचाच्या कागदावर कितीचा फ्यूज सांगितला आहे ते वाचा. मग बसवलेल्या फ्यूजवरचा आकडा वाचा. दोन्ही जुळले पाहिजेत. आपण अक्षरे शिकलो ती अशाच कामासाठी.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. असे का? बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला राखण नसते. तो तुकडा जितका आखूड तितका बरा. फ्यूज दूर दाराजवळ बसवला आणि वायर मध्येच सोलली, तर फ्यूज काहीच करू शकत नाही. दार उघडे आणि राखणदार परसात, असे होते.

फ्यूज वारंवार जळू लागला तर काही जण त्या जागी तार बांधतात. काही जण मोठा फ्यूज घालतात. असे कधी करू नका. फ्यूज जळतो म्हणजे तो सांगतो की कोठे तरी बिघाड आहे. बिघाड शोधा.

बटण काय करते?

रहाट एका बाजूला फिरवला की बादली वर येते. उलटा फिरवला की खाली जाते. काचेची मोटारही तशीच. तिला दोन वायरी असतात. बटण सोडलेले असताना दोन्ही वायरी मायनसला असतात. बटण एका बाजूला दाबले की एका वायरीला प्लस मिळतो. दुसऱ्या बाजूला दाबले की दुसरीला मिळतो. त्यामुळे मोटार उलटी फिरते.

पुष्कळ गाड्यांत दुसऱ्या दाराची वायर ड्रायव्हरच्या बटणातून नेतात. अशा गाडीत ड्रायव्हरच्या बटणाचा मायनस ढिला झाला तर दोन्ही काचा बंद पडतात. तेव्हा लगेच नवी मोटार घेऊ नका. आधी तो जोड घट्ट करून पाहा.

लॉकची मोटार लहान असते. ती दांडी ओढते किंवा ढकलते. तिला क्षणभर वीज पुरते. बटण आत अडकून बसले तर ती तापून जळते. ड्रायव्हरच्या दारातल्या लॉकला बहुधा पाच वायरी असतात. दोन मोटारीच्या असतात. बाकीच्या तीन, दार बंद की उघडे, हे नियंत्रण पेटीला कळवतात. मग बाकीची दारे त्याच्यामागे चालतात.

दाराचा सांधा

वायर बॉडीतून दारात जाते तेथे लक्ष द्या. दार दिवसातून कितीदा तरी उघडते. दर वेळी वायर वाकते. म्हणून तेथे बारीक तारांची लवचीक वायर हवी. घरातली एका तारेची वायर तेथे तुटते. पत्र्याच्या भोकात रबर बसवलेले हवे. वायर रबरी नळीतून नेलेली हवी. उघड्या पत्र्याची कड सुरीसारखी असते.

मोठ्या ट्रकची गोष्ट वेगळी

लहान पिकअपमध्ये १२ व्होल्टची एक बॅटरी असते. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट करतात. १२ चा संच २४ ला जोडला तर जळून जातो. काही जण दोनपैकी एकाच बॅटरीतून १२ व्होल्ट काढतात. तेही वाईट. जुवाला दोन बैल आणि ओढतो एकच, असे होते. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त भरून खराब होते. ट्रकला २४ चाच संच घ्यावा. नाही तर मध्ये २४ चे १२ करणारी पेटी लावावी.

लेकरांचा जीव

बटणाच्या काचेला दयामाया नसते. मूल डोके बाहेर काढते आणि त्याचा गुडघा बटणावर पडतो. काच वर येते. असे होऊन मुले दगावली आहेत. म्हणून वर ओढल्यावरच काच चढते असे बटण निवडा. काचेची वीज किल्लीतून घ्या. किल्ली काढली की बटण मेले पाहिजे. आणि मुलांना गाडीत एकटे सोडू नका.

पैसे देण्याआधी पाहा

१. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे मायनस टोक काढले होते का? मायनस आधी काढावे आणि शेवटी जोडावे. प्लस आधी सोडताना पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी उडते.

२. फ्यूज बॅटरीजवळ आहे का? त्यावरचा आकडा कागदाशी जुळतो का?

३. दाराच्या सांध्यात रबर आहे का?

४. किल्ली काढल्यावर काचा बंद पडतात का?

५. बॅटरी सोडलेली असताना दोन्ही दारे आतून हाताने उघडतात का? आग लागली किंवा गाडी पाण्यात गेली तर वीज मिळेलच असे नाही. तेव्हा हाताची कडीच माणसाला बाहेर काढते.

पाचही गोष्टी नीट दिसल्या की मग खुशाल पैसे द्या.