ऑपरेशन बाईनेच का करायचे?

रविवारी विहारात वंदना झाली की बायका थोडा वेळ बोलत बसतात. कुणाचे ऑपरेशन झाले, कुणाचे व्हायचे आहे, टाके ओले असतानाच पाण्याचे हंडे कसे उचलावे लागले, हे आम्ही नेहमी ऐकतो. नवऱ्याने ऑपरेशन करून घेतले, असे मात्र क्वचितच कानावर येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगते की देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० विवाहित स्त्रियांमागे सुमारे ३८ जणींची नसबंदी झाली होती. पुरुष नसबंदी हजारात जेमतेम ३.

"पुरुषाची ताकद जाते, मग बिगारीचं काम कसं होणार? बाईनंच करावं." हे सासू म्हणते, नवरा म्हणतो, कधी बाई स्वतःच म्हणते. १९५६ ला आपण देव्हारे सोडले, हा समज तेवढा घरात राहिला.

पुरुष नसबंदीत शुक्रबीज वाहून नेणारी नळी बंद करतात. अंगातली ताकद, पौरुष, इच्छा तशीच राहते. जागा बधिर करून, बिनटाक्याने, अर्ध्या तासाच्या आत काम होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. दोन दिवस आराम करावा, आठवडाभर जड ओझे उचलू नये. पुढे तीन महिने निरोध वापरावा आणि वीर्य तपासून घ्यावे. बाईच्या ऑपरेशनात पोटाला छेद द्यावा लागतो. तिथे धोका जास्त. सरकारी रुग्णालयात पुरुष नसबंदी मोफत होते.

आणीबाणीतली जबरदस्ती वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ती भीती खरी होती. म्हणून सक्ती कुणावरच नको, पुरुषावर नको आणि बाईवरही नको. नसबंदी कायमची असते. आणखी मूल नको हे दोघांचे पक्के ठरले तरच करावी. नसेल ठरले, तर तांबी, गोळ्या, निरोध आहेतच.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. १९३८ साली त्यांच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो नामंजूर झाला. वारंवारच्या बाळंतपणात बाईचे शरीर झिजते, ही त्यामागची कळकळ होती.

बंधूंनो, घरात ऑपरेशनचा विषय निघेल तेव्हा "तारीख कधीची घेतेस?" असे पत्नीला विचारण्याआधी "मी करू का?" असे विचारून पाहा. मग दोघे मिळून आशाताईंना किंवा डॉक्टरांना भेटा.

जय भीम.